आपण कुणाचे पोस्टमन?

आठ वर्षांचं पोरगं आहे. नाव सांगत नाही, कारण नाव-गाव-चेहरा सगळ्या दुनियेला वाटत सुटणं हाच आपला रोग झालाय आणि त्यावरच बोलायचंय. वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो, तिथं ते येतं. आई हाउसकीपिंगला, बाप नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. घर दहा बाय बारा, माणसं पाच, मोबाइल एक. गेल्या पावसाळ्यात त्यानं वहीत एक गाडी काढली. गाडीला बांधलेली माणसं काढली. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा तेच. मी विचारलं, हे काय रे? ते म्हणालं, "दादा, ते अजून मारतायत ना?"

अजून मारतायत!

ऊनाची ती चित्रफीत ११ जुलै २०१६ ची. हे पोरगं तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. मोटा समढियाळा हे गाव गुजरातच्या गीर सोमनाथ जिल्ह्यात. मेलेल्या गाईचं कातडं सोलत होते म्हणून चौघांना गाडीला बांधून भर बाजारात मारलं, हे आपण सगळे जाणतो. पण पोराला तारीख ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. त्याच्यासाठी ती चित्रफीत म्हणजे चालू घटना आहे. बटण दाबलं की मार सुरू. परत दाबलं की परत सुरू. लहान पोराच्या डोक्यात 'पूर्वी कधीतरी झालेलं' आणि 'आत्ता होतंय' यांच्यामधली भिंत कच्ची असते. त्याच्या हिशोबानं ती माणसं रोज मार खातायत, आणि रोज कुणीच सोडवायला येत नाही.

त्यानं ती शोधली नव्हती. कसली लिंक दाबली नव्हती. बापाच्या मोबाइलवर बाईंनी पाठवलेला गृहपाठाचा फोटो बघायला गॅलरी उघडली, तर गृहपाठाच्या शेजारी ही बसलेली. पाठवली कुणी? आपल्याच ग्रुपनं. डीपीला निळा झेंडा. वर सभेचं निमंत्रण, खाली चित्रफीत, तिच्याखाली मोठ्या अक्षरांत 'जागे व्हा, शेअर करा'. ११ जुलै हीच रमाबाई नगरच्या गोळीबाराचीही तारीख. १९९७, घाटकोपर, दहा माणसं गेली. त्यामुळं जुलै उजाडला की आपले ग्रुप पेटतात आणि जुनं-नवं सगळं एकत्र ओततात. त्या ग्रुपचा ॲडमिन माझा दोस्त. त्यात मीही आहे. आणि दोन वर्षांपूर्वी हीच चित्रफीत मीही पुढं ढकलली होती. तेव्हा दोस्तांनो, हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या घरावर भिरकावलेला दगड नाही. पहिला माझ्याच कपाळात बसलाय.

आता पांढरपेशे शहाणे काय सांगतात बघा. रविवारच्या पुरवणीत छापून येतं: मुलांचा स्क्रीन टाइम ठरवा. रात्री मोबाइल बेडरूममध्ये नेऊ देऊ नका. जेवणाच्या टेबलावर मोकळा संवाद साधा. च्यायला, बेडरूम कुठली? टेबल कुठलं? आमच्यात जेवण होतं तिथंच अंथरूण पडतं, तिथंच म्हातारी खोकते आणि तिथंच पोरगं बापाच्या मोबाइलवर पाढे म्हणतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या आणि सरकारनं अख्खी शाळा मोबाइलमध्ये कोंबली. ज्याच्याकडं मोबाइल नाही त्यानं शिकू नये, हा मनूचा जुनाच श्लोक नव्या यंत्रातून ऐकू आला. आपल्या आयाबायांनी बचतगटातून उचल घेऊन, हप्त्यावर, मोबाइल आणले. आता तेच शहाणे म्हणतात, मोबाइल काढून घ्या. म्हणजे घ्या म्हणणारे तेच आणि काढून घ्या म्हणणारेही तेच, हप्ते मात्र आम्ही भरायचे!

आणि त्यांच्या सल्ल्यात आणखी एक मेख आहे. 'मुलाला सांगा, हे आपल्यापासून खूप लांब घडलंय, आपल्याला काही होणार नाही.' त्याच्या पोराला हे सांगता येतं. त्याच्या पोराला पडद्यावर दिसतं ते परक्याचं दुःख. आमच्या पोराला दिसतो आपला मामा. मार खाणाऱ्याच्या घरात भिंतीवर जो फोटो असतो तोच आमच्याही भिंतीवर आहे. मग त्याला काय सांगायचं? की आपल्याला काही होणार नाही? एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं, आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. पोरगं उद्या मोठं होऊन हे वाचेल आणि म्हणेल, दादा खोटं बोलला होता. तुमचा धीर खोट्यावर उभा असेल तर तो एका बातमीसरशी कोसळतो.

पण सगळंच टाकाऊ म्हणून फेकून द्यायचं नाही. एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तपासलं, तर पुढचे काही दिवस जे रोज सहा तास आणि त्याहून जास्त तीच दृश्यं बघत बसले, त्यांना प्रत्यक्ष जागेवर हजर असलेल्यांपेक्षा जास्त मानसिक ताण झालेला आढळला. तीही मोठी माणसं होती. वारंवार बघितलेला मार अंगात शिरतो, हे काही हळव्या बायाबापड्यांचं खूळ नाही. आणि आपण काय म्हणतो? 'पोरं लहानपणीच तापली पाहिजेत.'

हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय. एकदा नाही, कैकदा. त्यावर टाळ्याही पडतात. म्हणून या वाक्याची गचांडी आधी धरली पाहिजे.

मला सांगा, ही चित्रफीत काढली कुणी? कॅमेरा कुणाच्या हातात होता? मारणाऱ्यांच्या. ती पहिल्यांदा पसरवली कुणी? मारणाऱ्यांनीच. लपूनछपून काढलेला तो पुरावा नव्हता, ती त्यांची दवंडी होती. बघा, तुमचं काय करतो आम्ही! गावात फिरवलेली दवंडी गावापुरती राहायची. आता ती आपल्याच अंगठ्यानं मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशी फिरते आणि थेट आपल्या पोराच्या उशाशी जाऊन वाजते. दवंडी त्यांची, हलगी मात्र आपल्या हातात.

अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारायचे, तेव्हा गोरे फोटो काढायचे आणि त्यांची पोस्टकार्डं छापून विकायचे. मामाला, काकाला, मित्राला धाडायचे. १९०८ मध्ये टपालखात्यानं अशी कार्डं पाठवायला बंदी केली, तर लोक पाकिटात घालून पाठवू लागले. आपल्या हातातल्या चित्रफितीची वंशावळ ही आहे. फरक इतकाच की तिथं पोस्टमन सरकारी होता. इथं पोस्टमन आपण, तेही बिनपगारी.

लगेच एखादा हुशार कार्यकर्ता उठेल आणि म्हणेल, मग काळ्यांनी काय केलं? त्यांनीही ते फोटो दाखवलेच ना? दाखवले. १९१६ मध्ये टेक्ससमधल्या वेको गावात एका काळ्या पोराला जिवंत जाळलं, त्याचे फोटो 'द क्रायसिस' मासिकानं छापले. संपादक डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं तेच. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला मिसिसिपीत ठेचून मारलं, तेव्हा त्याच्या आईनं, मॅमी टिलनं, शिकागोत शवपेटीचं झाकण उघडं ठेवायला लावलं. हजारो माणसांनी पाहिलं. 'जेट' साप्ताहिकानं फोटो छापला आणि काळ्या तरुणांची एक पिढी त्या फोटोनं पेटून उठली. खरं आहे. शंभर टक्के खरं.

पण निर्णय कुणाचा होता? आईचा. जिनं त्याला नऊ महिने पोटात वाढवलं तिचा. आणि 'क्रायसिस'नं फोटो नुसता भिरकावला नव्हता. सोबत तपास होता, घटना कशी घडली त्याची हकीकत होती. आपल्या फॉरवर्डमध्ये काय असतं? तारीख नसते. गाव नसतं. गुन्हा नोंदवला की नाही, खटल्याचं काय झालं, काही नाही. नुसता मार, आणि खाली 'शेअर करा'. त्या पोराच्या आईला कुणी विचारलं?

वाकडीचं घ्या. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, जून २०१८. विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या दोन पोरांना मारलं आणि त्याची चित्रफीत काढली. त्यात काय दिसतं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, पोरं अल्पवयीन होती आणि त्यांची अब्रू त्या चित्रफितीत उघडी पडली होती. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल गांधी यांनी ती ट्विट केली, तर राज्याच्या बालहक्क आयोगानं त्यांना नोटीस काढली. नोटिशीमागं राजकारण असेलही. पण कायदा खोटा नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायची नाही. सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा त्या दोन पोरांसाठी आहे, आणि त्या आठवड्यात तो आपण हजारोंनी मोडला. आपल्याला नोटीस आली नाही, कारण आपण कुणी मोठे नाही. आज ती दोन्ही पोरं जवान झाली असतील. कामाला जात असतील, लग्नाची बोलणी चालू असतील. आणि ती चित्रफीत कुठल्यातरी ग्रुपात पुन्हा उगवत असेल, 'निषेध! निषेध!' म्हणत. कुणाचा निषेध करतोय आपण, मारणाऱ्याचा की त्या पोरांच्या पुढच्या आयुष्याचा?

आणि फॉरवर्डला अक्कल नसते, हे भटक्याविमुक्तांना विचारा. २०१८ मध्ये देशभर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. त्यात फिरणारी एक चित्रफीत तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचारफितीतून कापलेली होती. मुलांना जपा असं सांगणारी फीत, तिचा शेवट कापला आणि तिचं विष केलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागायला गेलेली माणसं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. पाच माणसं मेली आणि कंपनीनं पाचाचा आकडा काढला.

'अरे पण चित्रफीत नसती तर ऊना झालं असतं का?' नसतं. कबूल. म्हणून मी 'पुसून टाका' म्हणत नाहीये. पुरावा आणि तमाशा यांत फरक करा म्हणतोय. हातात अशी चित्रफीत पडली तर मूळ फाइल जपून ठेव. ती ज्या मोबाइलवर आली तो मोबाइल जप, कुणी पाठवली, किती वाजता, ते कागदावर लिहून ठेव. ती वकिलाला दे, पोलिसाला दे, तक्रारीबरोबर अनुसूचित जाती आयोगाला दे. ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही, २०१८ च्या दुरुस्तीनं कलम १८-अ घालून ते स्पष्ट केलंय. ठाणे अंमलदार 'चौकशी करून बघू' म्हणाला की ते कलम त्याच्या टेबलावर ठेव. आणि कोर्टात नवा साक्ष अधिनियम, कलम ६३, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र मागतो. शंभर हातांतून घासून आलेल्या फॉरवर्डला असं प्रमाणपत्र कोण देणार? जी चित्रफीत आरोपीला आत टाकू शकली असती, ती आपण ग्रुपात उधळून तिची रद्दी केली. आणि बाईवरच्या, मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची चित्रफीत असेल तर तक्रार कर, पण एकाही ग्रुपात टाकू नकोस. मैत्रिणीला 'बघ गं काय केलंय' म्हणूनसुद्धा नाही.

आता त्या पोराकडं येतो. खरं काम तिथं आहे, आणि भाषणात ते होत नाही.

मी आधी चूक केली. वही बघितली आणि लगेच बापाला झापलं. बापानं घरी जाऊन पोराला झापलं, मोबाइल वर माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी पोरगं अभ्यासिकेत आलंच नाही. तिसऱ्या दिवशी आलं, वही लपवून. म्हणजे मी त्याला काय शिकवलं? की बघितलेलं सांगितलं तर मार बसतो. आता पुढच्या वेळी ते आणखी भयंकर काही बघेल आणि गप्प बसेल.

मग अभ्यासिकेतली एक ताई, अंगणवाडीत काम केलेली, तिनं त्याला शेजारी बसवलं. काहीच विचारलं नाही. शेंगदाणे सोलत बसली. अर्ध्या तासानं म्हणाली, गाडी छान काढलीस, ही कुठं चाललीय? आणि पोरगं बोलायला लागलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. 'घाबरायचं नसतं, आपण भीमाची लेकरं' असलं काही म्हणाली नाही. आपल्याला ही फार घाई असते. पोरगं घाबरलंय हे ऐकायच्या आधीच आपण त्याला वाघ करून टाकतो. घाबरलेल्या पोराला 'तू वाघ आहेस' म्हणणं म्हणजे गप्प बस म्हणणंच की रे.

त्याचे प्रश्न तीन होते. अजून मारतायत का? ते इथं येतील का? आणि तिसरा, जो मला आठवडाभर झोपू देईना: ते परत का नाही मारत?

पहिल्याचं उत्तर ताईनं कॅलेंडरवर दिलं. हे वर्ष, हा महिना, तू तेव्हा नव्हतास. नकाशावर गाव दाखवलं. मार एकदा झाला, चित्रफीत हजारदा लागते, हे त्याला समजायला दोन संध्याकाळी लागल्या. आम्ही त्याचाच धावतानाचा व्हिडिओ काढला आणि पाच वेळा लावला. तू पाच वेळा धावलास का? नाही, एकदाच. तेव्हा ते हसलं.

दुसऱ्याला खोटं उत्तर दिलं नाही. येणारच नाहीत असं कुणी सांगावं? पण इथं कोण कोण आहे ते त्याच्याकडून बोटांवर मोजून घेतलं. ही ताई, हा दादा, समोरच्या मावशी, विहारातले काका, रात्री कुणाचं दार वाजवायचं, कुणाचा नंबर पाठ करायचा. पोराला निबंध नको असतो, दार पाहिजे असतं.

तिसरा प्रश्न. याच्यावर आपल्या सगळ्या पोराटोरांची शरम लटकलीय. तेरा-चौदाचं पोरगं तो विचारत नाही, ते आतल्या आत आपल्याच माणसांची लाज बाळगायला लागतं. याचं उत्तर चित्रफितीत नाही, कारण मारणाऱ्यानं कॅमेरा जिथं बंद केला तिथून पुढचीच गोष्ट आपली आहे. ती आपण सांगितली पाहिजे. सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं आणून कलेक्टर कचेरीसमोर टाकली. घ्या, तुमची गाय, तुम्हीच उचला! गुजरातभर लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं. ५ ऑगस्ट २०१६ ला अहमदाबादहून मोर्चा निघाला आणि १५ ऑगस्टला ऊनात पोचला. २६ एप्रिल २०१८ ला त्या मार खाल्लेल्या घरानं आपल्याच गावात बौद्ध धम्म घेतला. मेलेली ढोरं ओढणं सोडा हे आपल्याकडं महाडला, १९२७ मध्येच सांगून झालंय, हेही पोराला सांगितलं. पोरगं म्हणालं, "म्हणजे त्यांनी परत मारलं, पण दुसऱ्या पद्धतीनं." माझ्या भाषणांत असं वाक्य कधी आलं नाही.

मला रमाबाई नगर आईनं सांगितलं. चित्र नव्हतं, आईचा आवाज होता, हातात भाकरीचं पीठ होतं. वरळीची १९७४ ची दंगल आजोबांनी सांगितली, दर खेपेला थोडी वाढवून. आम्हीही घाबरलो, पण सांगणारा समोर बसलेला असायचा आणि तो जिवंत होता. त्याच्या जिवंत असण्यातच अर्धी गोष्ट असायची. मोबाइल सांगतो तेव्हा सांगणारा कुणी नसतो. म्हणून पोराला बघू देण्याचं वय कुठलं, यावर घोळ घालत बसण्यापेक्षा सांगणारा कोण आहे ते आधी ठरवा. अत्याचार पोरापासून दडवायचा नाही. पण तो त्याला कळावा आपल्या तोंडून. मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून नाही.

आणि पोराच्या हातात पेन्सिल द्या. १८५५ मध्ये चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या पोरीनं, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाबासाहेबांनी नऊ वर्षांचे असताना मसूर स्टेशनापासून गोरेगावपर्यंत जे भोगलं ते पुढं स्वतःच्या शब्दांत लिहिलं. भोगणारा स्वतः सांगतो तेव्हा तो नुसता मार खाणारा राहत नाही.

झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, पोट दुखतं म्हणून शाळा चुकवायला लागलं, खेळात सारखं मारायचंच खेळ खेळायला लागलं, आणि हे महिनाभर थांबेना, तर डॉक्टरकडं न्या. केईएम, सायन, नायर इथं मनोविकाराची ओपीडी आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर, मुलांसाठी १०९८. 'आपल्या पोरांना असलं काही होत नाही' हा माज नको. होतं. आपल्याच पोरांना जास्त होतं.

मार हा एकच प्रकार नाही. सातवीतल्या पोरीनं प्रकल्पासाठी बाबासाहेबांचं नाव टाकलं आणि खाली कॉमेंटींचा उकिरडा उघडला. आरक्षणावर विनोद, आडनावावर विनोद, आणि त्यांवर शेकडो हसरे चेहरे. मारापेक्षा तिला हसणंच जास्त लागलं. ती म्हणाली, माझ्या वर्गातली पण हसत असतील. यालाही कायदा आहे, ॲट्रॉसिटीचंच कलम ३(१)(यू) आणि (व्ही), एक द्वेष पसरवण्याबद्दल, दुसरं वंदनीय दिवंगत व्यक्तीच्या अवमानाबद्दल. स्क्रीनशॉट काढा, लिंक ठेवा, सायबर पोर्टलवर तक्रार टाका. पण पोरीला आधी विचारा, तुला काय वाटलं? कलम नंतर.

आणि कंपन्यांबद्दल काय बोलायचं! फेसबुकनं मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या आपल्या मजकूर तपासणाऱ्या माणसांना ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, कारण दिवसभर असली दृश्यं बघून त्यांची मनं मोडली होती. म्हणजे बघितल्यानं माणूस मोडतो हे कंपनीला पुरतं माहीत आहे. पगारदाराला भरपाई मिळाली. आमच्या पोरानं तेच फुकटात बघितलं, त्याचं बिल कुणाच्या नावावर? ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद केलाय, पण व्हॉट्सॲप त्यातून वगळलंय. आपल्याकडं २०२३ च्या डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी आईबापाची संमती घातलीय. पण मोबाइलच बापाचा, खातंही बापाचं, तिथं कुणाची संमती कोण मागणार? त्या बापाच्या मोबाइलवर जे येतं ते कुठला कायदा अडवत नाही. तिथं फक्त आपला अंगठा आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं. मार, प्रेत, उघडं केलेलं माणूस, यातलं काही ग्रुपवर टाकायचं नाही. टाकायचंच तर लिहून टाका: गाव, तारीख, गुन्हा नोंद झाला का, खटला कुठवर आला, मदत कुठं पाठवायची. प्रत्येकानं व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद करायचं, ज्याला जमत नाही त्यानं रविवारी विहारात मोबाइल घेऊन यायचं, आम्ही करून देऊ. दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या रविवारी एकवीस जण आले, बहुतेक बायाच. पाचजणींनी सांगितलं की पोरगं रात्री ओरडत उठतं, आम्हाला वाटलं कृमी झालेत.

ग्रुपवर गदारोळ झाला. एकानं लिहिलं, हा चळवळीला बधिर करतोय. दुसऱ्यानं लिहिलं, ब्राह्मणी मानसशास्त्र वाचून आलाय. ओकलंडच्या ब्लॅक पँथरनी जानेवारी १९६९ मध्ये शाळकरी पोरांना रोज सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही कुणी असंच म्हणालं असेल, हे काय बायकी काम! मी तसं उत्तर लिहिलं. ॲडमिननं मला ग्रुपमधून काढून टाकलं.

दोस्त आहे माझा. पंधरा वर्षांची दोस्ती. त्याची पोरगी चौथीत आहे, तिचाही गृहपाठ त्याच्याच मोबाइलवर येतो. या रविवारी त्याच्या घरी जातोय. गॅलरी उघडून त्याच्यासमोर ठेवणार आहे, आणि ती कुठं कुठं गेली होती ते पोरीला विचार म्हणणार आहे.